निवाऱ्यातला जास्तीचा माणूस

करडी गावच्या शाळेतले खोब्रागडे सर नसते, तर मी आजही धानाच्या रोवणीच्या चिखलातच असतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, तो त्यांच्यामुळे. भूतबाधा, अंगात येणं असलं आमच्या घरात कुणीच मानत नाही, मी तर कधीच मानलं नाही. तरी हे लिहितोय…

मागच्या हिवाळ्यात भंडारा शहरातल्या बेघरांची मोजणी करायचं तात्पुरतं काम मिळालं. जोडीला रोशन, शहरातलाच, विणकरांच्या घरचा. बसस्टँड, देवळांच्या पायऱ्या, किल्ल्याची भिंत असं करत संध्याकाळी आम्ही एका धर्मादाय निवाऱ्यात पोचलो. दारातच एकोडी गावच्या सुभद्राबाई बोचकं घेऊन कुडकुडत बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या. एकही खाट रिकामी नाही, असं व्यवस्थापक काकांनी त्यांना सांगून टाकलं होतं.

आत जेवणं आटोपून लोक आडवे झाले होते. आम्ही दोघांनी वेगवेगळं मोजलं. माझा एक माणूस जास्त.

रोशन हसला. माझं पुटपुटणं त्याने ऐकलं होतं. आमच्याकडे धान मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन… ती सवय जात नाही.

"अबे, माणसं मोजून राहिला का धान? 'लाभ' वेगळा धरून एक वाढवला असशील."

पुन्हा मोजलं, सरळ 'एक'पासून. तरी एक जास्तच.

मग खाटेखाट फिरलो. कोपऱ्यातल्या खाटेपाशी रोशन थांबलाच नाही. तिच्यावर एक म्हातारा भिंतीकडे तोंड करून झोपला होता. अंगावर हिरवं पांघरूण, टाचांना भेगा.

"हा राहिला," मी म्हटलं.

"कोण? खाली आहे ना खाट, रिकामी."

मला वाटलं, थट्टा करतोय. काकांना विचारलं तर खाटेकडे न बघताच म्हणाले, "भरली हाय. रोज येते तो. नाव नाही सांगत." रोशनला संशय आला की काकांनी ओळखीच्या कुणासाठी खाट दाबून ठेवली आहे. मला दोघांचाही संशय येत होता. रोशन तावातावाने त्या खाटेवर जाऊन बसला…

म्हाताऱ्याने पाय पोटाशी घेतले. मी बघितलं.

बाहेर सुभद्राबाई खोकत होत्या. मी रोशनचा आकडा लिहिला. कागदावर एक खाट रिकामी निघाली, काकांना ती सुभद्राबाईंना द्यावी लागली.

नंतर मी माझे डोळे तपासून घेतले. काही दोष नाही. उलगडा आजही नाही. सरांना मात्र हे सगळं कळवलं, मग आणखी एक पत्र टाकलं, ते असं —

आदरणीय सर,
सा. न. वि. वि. काल सुभद्राबाईंना भेटून आलो. तब्येत बरी आहे. पण त्या खाटेच्या अगदी कडेला, अंग चोरून झोपतात. मी त्यांना त्या संध्याकाळचं काहीच सांगितलेलं नाही. म्हटलं, आजी, पूर्ण खाट तुमचीच आहे, नीट झोपा. तर म्हणाल्या, "असू दे ना बाबू. त्याले कुठी पाठवू आता?"
सर, त्याला खरंच कुठे पाठवायचं? आपण कळवावे.
आपला विद्यार्थी