कमरमावशींनी पकडलेला खुनी

कात्रजच्या एका खासगी शाळेत कमरजहां शेख सोळा वर्षं मावशी म्हणून कामाला होत्या. प्रयोगशाळा पुसायची, काचेची भांडी धुवायची, शाळा सुटली की कुलपं लावायची. स्वतःचं शिक्षण सातवीवर थांबलेलं. "तेव्हा शाळा सुटली, आता सुटत नाही," असं त्या हसत सांगत.

त्या वर्षी नववीच्या पोरांनी गॅदरिंगसाठी खुनाचं नाटक बसवलं. प्रयोगशाळेत मुख्याध्यापकांचा खून होतो आणि खुनी निघते कोण, तर मावशी! तालमीत हे कानावर पडताच कमरजहां हातातल्या फडक्यासकट पुढे आल्या.

"सरांना मारायचंच असतं, तर मी सोळा वर्षं थांबले असते का?"

नाटक लिहिणारी हेमा ओशाळली. "सॉरी मावशी. पण चावी तुमच्याकडेच असते ना?"

"चावी ऑफिसात खिळ्याला असते, कुणीही न्यावी. आणि फरशी मी साडेचारला पुसते, खून तुमचा लगेच नंतरचा. ओल्या फरशीवर पावलं नकोत?"

प्रेत झालेला यज्ञेश्वर आडवा पडल्या पडल्याच म्हणाला, "मावशी, इन्स्पेक्टर तुम्हीच व्हा."

त्यांनी कानांवर हात ठेवले. पण दुसऱ्या दिवशी डबा खाताना शेवट त्यांनीच सुचवला : खुनी पावलं पुसतो, पण ज्यानं जन्मात फरशी पुसली नाही, त्याला फडकं पिळता येत नाही. मग पोरांनी त्यांना सोडलंच नाही.

गॅदरिंगला त्यांचे रिक्षावाले यजमान रज्जाकभाई अख्ख्या गल्लीला घेऊन आले. पोलिसी टोपी घालून कमरजहां रंगमंचावर गेल्या आणि वाक्यच विसरल्या. प्रेतानं हळूच वाक्य सांगितलं.

"प्रेतानं गप्प पडून राहावं," कमरजहां कडाडल्या. "तपास चालू आहे!"

हशा आवरेना. त्यांनी एकेका संशयिताला ओलं फडकं पिळायला लावलं. ट्रस्टी झालेल्या मुलानं ते दोन बोटांच्या चिमटीत धरलं आणि तिथंच सापडला. शिट्ट्या, टाळ्या! खरे मुख्याध्यापक डोळे पुसत हसत होते. रज्जाकभाई तर खुर्चीवरच चढले.

सोमवारी आठवीची पोरं प्रयोगशाळेच्या दारात हजर. "मावशी, पुढच्या वर्षी आम्हालाही एक खून हवाय."

कमरजहांनी स्टूल ओढलं. "बसा. मरतंय कोण, ते आधी सांगा."