ओला पारा, कोरडा पारा

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही हो. गिरणीत रोज झाडलं तरी कापसाच्या तुसाचा बोटभर थर तुळयांवर जमतोच, तसंच हे! मी जळगावला गिरणीत होतो, रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचा काळ. आता चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "भाऊ, ते पाऱ्याचं सांगा." मग मला थांबवणं घरच्यांनाही जमत नाही.

माझं काम ऐकाल तर हसाल. भिंतीवर दोन थर्मामीटर शेजारी शेजारी टांगलेले. एक साधा, तो कोरडा पारा. दुसऱ्याच्या खालच्या गोळ्याला मलमलची चिंधी गुंडाळलेली आणि चिंधीचं टोक पाण्याच्या भांड्यात सोडलेलं, तो ओला पारा. चिंधीतलं पाणी उडतं, त्यामुळे तो गार होतो आणि खाली राहतो. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी भराभर उडणार आणि दोन पाऱ्यांतलं अंतर वाढणार. ते अंतर बघून फळ्यावर खडूने लिहायचं, ही माझी ड्यूटी. लग्नाच्या बैठकीत सासऱ्यांना हे सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ मुलीकडे बघत राहिले होते!

पण त्या अंतरावर सगळ्या खात्याची भाकरी होती. सुताला दमट हवा लागते. हवा कोरडी पडली की धागा ठिसूळ होतो आणि तटातट तुटतो. आणि आपल्याकडचा वैशाख कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. शेठ दर उन्हाळ्यात एकच वाक्य बोलायचे, "सूत असंच तुटणार असेल तर पाऊस लागेपर्यंत खातं बंद ठेवतो." बंद म्हणजे सगळी माणसं आपापल्या गावी. आणि उन्हाळ्यात शेतात काम नसतं म्हणूनच तर ती गाव सोडून आली होती.

* * *

आमचे स्पिनिंग मास्तर, म्हणजे खात्याचे मुख्य, मुंबईच्या गिरण्यांत शिकलेले, मूळचे कोकणातले. आले ते चैत्रात. आल्या आल्या त्यांनी हुकूम सोडला, "खिडक्या उघडा! मोकळी हवा आत येऊ द्या!"

मुंबईत खिडकी उघडली की समुद्राचा वारा येतो. इथे जो आला त्याने मास्तरांच्या भुवया भाजल्या. आणि धागे असे तुटायला लागले की कातणाऱ्यांना जोडायला दोन हात पुरेनात.

मास्तर खिडकीत उभं राहून डोळे बारीक करून म्हणाले, "इथे समुद्राची हवा येतच नाही का?"

शेजारी आबा उभा होता. आबा आमचा जॉबर, म्हणजे कामगारांचा मुकादम. पाचोऱ्याकडचा, तोंडाने फटकळ आणि मनाने लोणी. तो म्हणाला, "येस ना, सायेब! पन वाटमा डोंगर शेतस. पाणी त्या पी लेतस, आपलेकडे उष्टा वारा धाडतस!"

मास्तरांनी स्वतःच्या हाताने खिडक्या लावल्या.

* * *

मास्तर माणूस भला होता, हे आधी सांगायला हवं होतं. त्या पौषात अशी थंडी पडली की सकाळी कातणाऱ्यांची बोटं वळेनात. मास्तरांना दया आली. त्यांनी बॉयलरची वाफ नळांतून खात्यात फिरवली. वाफ नळातच राहायची, बाहेर येत नव्हती. फक्त नळ तापायचे आणि त्यांच्यामुळे खातं. लोक खूश झाले. आबा तर एका नळाला पाठ लावून मांजरासारखा उभा राहिला.

थोड्या वेळात धागे तुटायला लागले.

मी पारे बघितले. कोरडा पारा भराभर चढला होता. ओला मागे रेंगाळत होता. अंतर जवळजवळ वैशाखाचं!

"पान्याले कोन्ही हात लावा नही, सायेब," आबा म्हणाला. "मंग हवा कशी काय सुकनी?"

मास्तरांनी माझा खडू घेतला आणि सगळ्यांना समजावलं. "पाणी कुठेच गेलं नाही. सकाळी हवेत जेवढं होतं तेवढंच आत्ता आहे. पण हवा गार असते तेव्हा तिचं थोडक्यात भागतं. तीच हवा गरम झाली की तिला आणखी पाणी पाहिजे. मिळालं नाही की ती सुतातलं ओढते. भाजी तेवढीच, पंगत वाढली!"

चार मुलींची लग्नं लावलेला आबा मान डोलावत म्हणाला, "म्हंजे हवा आपला व्याही शे, सायेब! जितलं वाढा, तितलं कमीच!"

* * *

आमच्या शेजारी रिळाचं खातं होतं. आमचं सूत तिकडे जायचं आणि बाया त्याच्या लडी करायच्या. आमचं खातं बंद पडलं की त्यांचंही पडणार. त्या बायांची पुढारी गोदाअक्का. नवरा वारलेला. मुलीला तिने जळगावात शाळेत घातलं होतं, आणि ती मुलगी पाढे म्हणते हे ती दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगायची. अमळनेरकडच्या तिच्या गावात मुलींची शाळा नव्हती. तेव्हा खातं बंद म्हणजे मुलीची शाळा बंद, हे अक्काचं गणित. मला तिची फार काळजी वाटायची, पण ती कुणाला काळजी करू द्यायची नाही.

तर एकदा ऐन वैशाखात मास्तर हर्षाने ओरडत आले, "दोन्ही पारे सारखे! हवा शंभर टक्के दमट!"

इकडे धागे तटातट तुटत होते. मास्तर एकदा पाऱ्याकडे बघत, एकदा धाग्याकडे, आणि मग ढग आलेत का म्हणून खिडकीतून आभाळाकडे!

मी जवळ जाऊन बघतो तर ओल्या पाऱ्याची चिंधी पांढरीशुभ्र आणि खडखडीत वाळलेली. भांड्यात लोंबणारं टोक नीट वर खोचलेलं. आता चिंधीच कोरडी, तर तो पारा गार होणार कशाने?

अक्का दारातच उभी होती. म्हणाली, "इतली कळकट चिंधी सायेबना काचले गुंडाळेल! माले लाज वाटनी. धुई काढी, उनमा वाळाडी, परत बांधी दिन्ही."

मास्तरांनी चिंधीचं टोक स्वतःच पुन्हा भांड्यात सोडलं. रागावणार कशाला? चिंधी खरंच कळकट होती.

* * *

आमच्या फळ्याचा लौकिक बाहेर कसा गेला कोण जाणे. पण अंतर मोठं असलं की पापड एका दिवसात वाळतात, हे बायांनी ओळखलं. झालं! सुट्टीत एकेक बाई दारातून डोकावायची, "भाऊ, पारा काय म्हणतो? कुरडया घालू का?"

मास्तर भडकले. "हे यंत्र सुतासाठी आहे! उद्यापासून कुणी पापडाचं नाव काढलं तर बघा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरचा गडी धावत आला. "बाईसाहेबांनी विचारलंय, पीठ भिजवू का?"

मास्तरांनी फळ्याकडे चोरून एक नजर टाकली आणि हळूच म्हणाले, "भिजव म्हणावं."

* * *

आबाचा एक नेम होता. दिवसभर धागे तुटून जीव नकोसा झाला की काम सुटायच्या थोडं आधी तो खात्यातल्या मारुतीच्या तसबिरीला उदबत्ती लावायचा. आणि खरं सांगतो, उदबत्ती अर्धी जळेपर्यंत धागे शांत व्हायचे! अख्खं खातं हात जोडायचं.

मास्तरांनी बरेच दिवस बघितलं. शेवटी न राहवून म्हणाले, "अहो आबा, ऊन उतरलं की हवा निवते. निवली की आहे त्या पाण्यात तिचं भागतं. त्यात मारुतीचं काय?"

"आसं?" आबा म्हणाला.

"आसंच! नसेल तर उद्या भर दुपारी उदबत्ती लावून दाखवा."

आबाने कानाच्या पाळ्यांना हात लावला. "भर दुपारले देव बी जरासा आंग टाकस, सायेब! त्याले कसाले उठाडो?"

* * *

धुळ्याच्या गिरणीत माझ्यासारखंच पारे बघणारा एक जण होता. लग्नाकार्यात भेटला की आमची हमखास जुंपायची, कुणाची हवा जास्त कोरडी यावरून. भूषण कशाचं वाटून घ्यावं याला काही सुमार?

एकदा तो म्हणाला, "आमच्याकडे एका गालाची दाढी होईतो दुसऱ्या गालावरचा साबण वाळतो!"

मी म्हणालो, "आमच्याकडे न्हावी ओला साबण आणतच नाही. वाळलेलाच खरवडतो!"

धुळेकर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

* * *

आता शेवटचा सांगतो.

एका वर्षी गिरणीची विहीर चैत्रातच तळाला गेली. होतं ते पाणी बॉयलरला लागायचं. एरवी आम्ही दुपारी जमिनीवर पाणी शिंपडायचो, ते बंद झालं. जवळच्या तळ्यावरून हंड्यांनी आणून शिंपडलं, तर पहिल्याच दिवशी ओल्या फरशीवर एक जण साच्यापाशी, म्हणजे सूत कातायच्या यंत्रापाशीच घसरला आणि थोडक्यात वाचला. तेव्हापासून फरशी भिजवायची नाही असा मास्तरांचा कडक हुकूम होता आणि तो बरोबरच होता. धागे तुटत राहिले. शेवटी शेठचा निरोप आला, उद्या दुपारी स्वतः येऊन बघतो, आणि खातं चालवायचं की बंद करायचं ते तिथेच सांगतो.

दुपारी! सकाळी आले असते तरी निभावलं असतं. त्या संध्याकाळी आबा उदबत्ती लावायचंसुद्धा विसरला. अक्काने मात्र एवढंच विचारलं, "भाऊ, हवाले पाणी पायजे ना? मंग ते जमीनवरच कसाले पायजे?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत रिळाच्या खात्यातल्या सगळ्या बाया पळत पळत घरी गेल्या. घरात असेल नसेल तेवढं धुणं उचललं, तळ्यावर नेलं, बुचकळलं, आणि जेमतेम पिळून डोक्यावर घेऊन आल्या. आबाने कापसाच्या गाठींचे दोर सोडवून ठेवले होते. भिंतींच्या कडेने आणि मधल्या रुंद वाटेवर, साच्यांपासून चांगले लांब, त्याने ते ताणून बांधले. आणि बघता बघता रिंग खातं भरलं! लुगडी, धोतरं, पटके, पोरांची झबली. गोधड्या सगळ्यात कामाच्या, एकेका गोधडीत अर्धं तळं आलेलं. ठिबकणाऱ्या पाण्याखाली जुनी पोती पसरली.

मास्तर आत आले आणि जागीच थबकले. "हे खातं आहे की नदीचा घाट?"

अक्का म्हणाली, "फरशी कोरडी शे, सायेब. आम्ही हुकूम मोडा नही."

मी पाऱ्यांकडे बोट दाखवलं. कोरडा पारा उतरत होता आणि दोघांतलं अंतर माझ्या डोळ्यांदेखत कमी होत होतं. मास्तरांनी वाकून दोन्ही पारे वाचले. चष्मा पुसून पुन्हा वाचले. बाहेर शेठची घोडागाडी थांबल्याचा आवाज आला.

"खिडक्या घट्ट लावा," मास्तर म्हणाले. "आणि ते लंगोट तेवढे वाटेतून बाजूला घ्या!"

शेठ आत आले. रेशमी कोट, डोक्याला पगडी. वाटेत आडवं आलेलं अक्काचं हिरवं लुगडं त्यांनी दोन बोटांनी उचललं आणि खालून वाकून पलीकडे गेले. एक थेंब बरोबर त्यांच्या नाकावर पडला. मास्तर तोंड उघडायला लागले, तर शेठनी हातानेच थांबवलं.

ते एका साच्यासमोर उभे राहिले. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. एखादा धागा तुटे, कातणारा जोडी, आणि पुढे सगळं सुरळीत. आबाचे ओठ हलत होते. दारात अक्का पदर तोंडाशी धरून उभी होती, आणि तिच्याकडे बघायचा मला धीर होत नव्हता.

शेठनी रुमाल काढला, नाक पुसलं, आणि दोरांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग ते मास्तरांकडे वळले.

"आमच्या घरचं धुणं फार असतं," ते म्हणाले. "उद्यापासून पाऊस लागेपर्यंत इकडेच पाठवलं तर जागा होईल का?"