खांबावरची पद्मीण

दुपारचा स्वयंपाक झाकून ठेवलाय, कुणी जेवलेलं नाही, आणि मी फरशीवर नुसतीच आडवी होते. वर गच्चीत माझी लेक आशू दोरीवरच्या उड्या मारतेय. थप, थप, थप. संध्याकाळी तिची खो-खोची निवड चाचणी आहे, राज्याच्या संघासाठी, आणि पोरीनं नवरात्राचे उपवास धरलेत. निवड होऊ दे म्हणून देवीला बोललीय. चहा, भगर, परत चहा. सकाळी आमचं कडाक्याचं वाजलं. "तू पेपरात लिहितेस म्हणून देवीलापण शिव्या देणार का?" म्हणाली. लिहिते ते खरं, शिव्या देते तेही खरं. पण वाढत्या वयाच्या पोरीच्या तोंडात घास कसा घालायचा, हे काही मला लिहून सुटत नाही.

पापण्या जड होतात. थप, थप. आवाज जिन्यावरून खाली उतरतो, दारातून आत येतो, आणि आत येईस्तोवर तो दोरीचा राहत नाही. अनवाणी पायांचा होतो. मुरमावर पळणाऱ्या पायांचा.

"ऊठ की कौशे. काय पडायलीस दुपारची?"

पद्मीण माझ्या उशाशी उकिडवी बसलेली आहे. शाळेचा निळा स्कर्ट, गुडघ्यावर वाळलेली खपली, वेणीला रिबिनीऐवजी जुन्या साडीची किनार. ती मेलेली आहे हे मला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक आहे. पाहुण्यांसमोर घरचं भांडण काढत नाहीत, तसं आम्ही दोघी ते काढत नाही.

"तूच म्हणायचीस ना, दुपारी पडल्याबिगर सांजंला पाय उचलत नाही म्हणून," मी म्हणते.

"मी न्हाई बाई. सर म्हणायचे. मी नुसती घोरायचे."

ती तोंडावर हात धरून हसते. मीही हसते, आणि हसता हसता हात टेकते तर खाली फरशी नाही. तांबडा मुरूम आहे.

उंबरे सरांचं मैदान. शाळेच्या मागचं. दोन टोकांना दोन खांब, कडेला लिंब, लिंबाखाली ओल्या फडक्यात भिजलेले हरभरे. पद्मीण आमची खांबावरची. समोरची पोरगी खांबाला वळसा घालून निसटली म्हणेस्तोवर ही एका हातानं खांब धरायची, अख्खं अंग हवेत झोकून द्यायची आणि तिच्या पाठीला बोट लावायची. तशी झेप तालुक्यात कुणाची नव्हती. खेळ संपला की सर मूठ मूठ हरभरे वाटायचे, वर गुळाचा खडा. "चावून खा. गिळू नका, बदकं हाईत का तुम्ही?" मग आम्हाला लिंबाखाली पाडायचे. "डोळे मिटा. अंग पळताना झिजतं, झोपेत भरतं." आम्ही डोळे मिटून एकमेकींना चिमटे काढायचो. उभ्या आयुष्यात मला 'झोप जरा' असं सांगणारा तो एकच माणूस. बाकी सगळीकडे बाई आडवी झाली की ती आजारी तरी असते, नाहीतर आळशी.

मैदानाच्या पलीकडे पोरांचा संघ आहे. त्यांच्यापुढं दुधाची किटली. डेअरीवाले पाठवायचे, फक्त त्यांना.

"अजून पोरंच पितेत का गं?" पद्मीण विचारते.

"अजून."

"पोरीला पचत न्हाई म्हनं दूध."

"धार काढायला पचतं, तापवायला पचतं, डेअरीला नेऊन घालायला पचतं. प्यायचं म्हटलं की पचत नाही."

"तुजं त्वांड अजून तसंच हाय," ती खूश होऊन म्हणते आणि गुळाचा खडा दातानं फोडून अर्धा माझ्या हातावर ठेवते. उष्टा, ओला, गोड. इतकं गोड मी नंतर कधी काही खाल्लेलं नाही.

लिंबाची सावली हलते आणि तिच्यात माणसंच माणसं उभी राहतात. जिल्ह्याचं मैदान. फायनल. मला बघायची नाही, पण स्वप्नात मान वळवता येत नाही.

त्या दिवशी संकष्टी होती. जिंकायचं म्हणून आम्ही सगळ्या संघानं मिळून चतुर्थी धरली. सरांनी केळी आणून दिली, ती आम्ही पिशवीत कोंबली आणि "खाल्ली सर" म्हणून गणपतीच्या नावानं खोटं बोललो. चंद्र उगवायचा रात्री आणि सामना भर दुपारचा. चंद्र उगवायच्या आधी आम्हीच मावळलो.

"मला काय दिसलं ठाव हाय का?" पद्मीण कानाशी म्हणते. "दोन खांब दिसले, शेजारी शेजारी. मी म्हनलं, लई झाले की! बराबर वाटला तो धरला."

"आणि?"

"आन काय. तो नव्हताच."

ती परत हसते. त्या दिवशी माणसंही हसली होती. ती तोंडावर पडली, ओठ फुटला, आम्ही हरलो. दुसऱ्या दिवशी गाव म्हणालं, पोरगी नाजूक आहे, खेळ कसला झेपतोय तिला. नाजूक! जी खांब धरून आडवी उडायची ती नाजूक. कुणी एकानंही विचारलं नाही की पोरी, सकाळपासून पोटात काय आहे तुझ्या. बापानं शाळेतून काढली आणि त्याच उन्हाळ्यात उजवली.

आता तिनं खांब धरलाय, तो खरा आहे. लाकडाचा आहे, धुरानं काळा पडलाय. तिच्या सासरचं स्वयंपाकघर. पद्मीण लुगड्यात आहे, पोटुशी, आणि इतकी पांढरी की माझा हात तिच्या खांद्यावर ठेवला तर उमटेल. समोर पाटांवर लहान लहान पोरी ओळीनं बसल्यात. पायांना कुंकू, कपाळाला मळवट. कुमारिका जेवतायत. पद्मीण वाकून वाकून वाढतेय.

"तू जेवलीस?" मी विचारते.

"ह्या उठू दे की."

"मग?"

"मग घरातले. मग हाय की बुडाला, खरवडून."

तिसऱ्या बाळंतपणात ती गेली. दवाखान्याच्या कागदावर 'रक्त कमी' असं लिहिलं. चुकीचं लिहिलं. रक्त कमी नव्हतं, त्या घरात एक ताट कमी होतं.

"तुजी पोरगी कुठाय?" ती विचारते.

"वर. उपाशीपोटी उड्या मारतेय. ऐकत नाही."

"आन तू?"

"मला कसा घास उतरेल, ती तशी असताना?"

पद्मीण वाढायचा डाव खाली ठेवते. कमरेवर हात घेते. मैदानावर पंचाशी भांडायला निघाली की अशीच उभी राहायची.

"लई लिहितीस म्हनं तू, बायांनी पोटभर खावं, अमकं करावं, तमकं करावं. खातीस कवा?"

मला राग येतो. खरं बोललं की येतोच. "मग काय करू? देवीला बोललीय ती. मी देवीचं नाव काढलं की माझ्यावरच धावून येते."

"मग देवीलाच जेवू घाल." ती हनुवटीनं पाटांकडं दाखवते. "ह्या कोन हाईत?"

"कुमारिका."

"म्हंजी देवीच की नवरातीत. ह्येंनी ताटावर न्हाई म्हनायचं आसतं का?"

मी पाटांवरच्या पोरींकडं बघते.

"भाकर कुस्कर दुधात, गूळ टाक. पोट फुगंस्तोर नको. आन ती दोरी घे काढून, पडू दे तिला घडीभर. सर काय सांगत व्हते, इसरलीस का?"

"पद्मे, तू बस ना. तुलापण वाढते."

"मी बसते की. तू नीट बस आधी. पाठ सरळ कर."

पाटांवरच्या पोरी मोठ्या होतात. निळे स्कर्ट घालून त्या आपापल्या चौकोनात उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडं, एकीचं तिकडं. मीही बसलेली आहे. मागून पळणारे पाय येतायत, मला त्यांची चाल ओळखू येते. वळून एकदा बघावं, इतकंच वाटतं. पण बसलेलीनं वळायचं नसतं. आणि मला माहीत आहे, खो देणारी खाली बसते आणि खो मिळालेली उठते. मी उठले की माझ्या जागी ती.

"जरा थांब गं," मी म्हणते.

"खो!"

पाठीवर सणसणीत थाप बसते आणि मी उभी आहे. माझ्या घरात, फरशीवर, उन्हाच्या पट्ट्यात.

गच्चीतली दोरी गप्प झालेली आहे. मी दोन दोन पायऱ्या चढून वर जाते. आशू टाकीच्या सावलीत डोकं धरून बसलीय, ओठ कोरडे.

"काही नाही, जरा गरगरलं. जाईल."

"खाली चल. कुमारिका जेवू घालायचीय."

"कुणाला?"

"तुला."

मला वेड लागल्यासारखं ती माझ्याकडं बघते. "तू? तू देव मानत नाहीस, आई."

"मी नाही मानत. तू मानतेस ना? चल मग."

पाटावर बसवते. तांब्यातल्या पाण्यानं तिचे पाय धुते. टाचांना भेगा आहेत, अंगठ्याचं नख काळंनिळं. कुंकू लावते. भाकरी दुधात कुस्करून, गूळ घालून वाटी पुढं करते. ती वाटीकडं बघते, मग माझ्याकडं.

"माझा उपवास आहे."

"असू दे. नवरात्रात कुमारिका उपाशी उठली तर कोण उपाशी उठलं?"

ती चमच्यानं वाटीतली भाकरी चाळवते.

"हे चीटिंग आहे."

"आहे."

पहिला घास ती डोळे मिटून घेते, देवीची माफी मागत असावी. दुसरा उघड्या डोळ्यांनी. मग चमचा बाजूला ठेवून वाटीच तोंडाला लावते. मी तिच्याशेजारी दुसरं ताट मांडते, माझं, आणि तिचे ओले पाय पुसायला वाकते.

"आई," ती वाटीतूनच म्हणते, "तुझ्या ब्लाउजला काय लागलंय?"

"कुठं?"

"पाठीवर. पंजा आहे अख्खा. बोटं बोटं उमटलीत." ती हात लावते, बोट नाकाशी नेते. "कुंकू नाही. मातीय. तांबडी. आपल्याकडं कुठाय अशी माती?"

आमच्या भागात नाही. इथं सगळी काळी.

"कुणी मारलं तुला, आई?"

"जेव आधी," मी म्हणते, "मग घडीभर पड," आणि माझ्या ताटातली भाकरी मोडते.