मोहरी तडतडेपर्यंत

"घरी फक्त इंग्लिश बोला," माझ्या चार वर्षांच्या मुलीच्या टीचरने गोड हसून सांगितलं. पोरगी वर्गात तोंडच उघडत नाही म्हणे. नवऱ्याने लगेच मान डोलावली. अमेरिकेत, चँडलरमध्ये आम्ही नवखे, त्यामुळे मीही डोलावली.

मग काय, आमच्या घरात नुसतं नाटक सुरू झालं. "बेटा, फिनिश युवर पोळी." "डोन्ट सांडू!" ऑफिसातून आल्यावर नवरा फ्लॅशकार्डं घेऊन ॲपल-ॲपल करत बसायचा. घरात दिवसभर टकळी चालवणारी माझी पोर आता घरातही गप्प झाली. काही विचारलं की मान हलवायची, बस. इंग्लिश काय, यायचं तेव्हा येईल. पण ही माझ्याशीच बोलायची थांबली तर?

खड्ड्यात गेली ती फ्लॅशकार्डं! एका संध्याकाळी मी ती सगळी कपाटात कोंबली आणि तिला किचनमध्ये स्टुलावर बसवलं, शेगडीपासून लांब. "आज वरणाला फोडणी तुझी. तू सांगायचं, मी करायचं." आधी एक्झॉस्ट, नाहीतर स्मोक अलार्म बोंबलतो. मग तेल, मग मोहरी. "आता कान देऊन ऐक. घाई करायची नाही हं." ती श्वास रोखून बसली. मोहरी तडतडली तशी किंचाळलीच, "आई, जिरं! जिरं टाक!" मला रडूच फुटलं.

मग मी कुणाला ऐकते! मेथी निवडताना देठ वेगळे, पानं वेगळी. घड्या घालताना बाबाचा मोजा कुठला, तिचा कुठला, कुणाचा जोडीदार हरवला? सगळं खणखणीत मराठीत. टीचरला माझ्या मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये सांगून आले, "इंग्लिश तुम्ही शिकवा. घरी आम्ही आमचं बोलणार." तिला आवडलं नाही. नसेना का! नवरा कुरकुरला, "अगं, मागे पडेल ना यार ती." म्हटलं, "पडली तर मी आहे उचलायला."

वर्गात ती अजूनही कमीच बोलते. परवा मला ताप होता, म्हणून फोडणी नवऱ्याने घातली. एक्झॉस्ट विसरला, तेल भलतंच तापलं, त्यात मोहरी-जिरं एकदमच टाकलं, आणि अलार्मने घर डोक्यावर घेतलं. मी धडपडत किचनच्या दाराशी आले तर हा गॅस बंद करून टॉवेल हलवत ओरडतोय, "बेटा, गो टू मम्मा! गो!"

बेटा कुठली जातेय! कमरेवर हात ठेवून उभी.

"बाबा, आधी एक्झॉस्ट लावायचा! आणि मोहरी तडतडली होती का? जिरं का टाकलंस? ऐकलं होतंस का तू?"

टॉवेल तसाच हातात धरून नवरा म्हणाला, "नाही गं."

"मग आधी ऐकायचं ना!"