‘लावा’ म्हणणारा माणूस

माझे भावोजी जिथे जातील तिथे मान खाली घालून चालतात. लाजरे आहेत म्हणून नव्हे. लाज त्यांच्या वाटेला कधी गेलेली नाही. ते जमीन बघतात. बँकेत गेले तर बँकेची, दवाखान्यात गेले तर दवाखान्याची. एकदा नात्यातल्या एका लग्नाला गेलो, तर हे हॉलच्या दारातच गुडघ्यावर बसले आणि जमिनीवर नख घासून बघायला लागले. मागे नटूनथटून आलेली माणसं खोळंबली. माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, कानकोंडी झाली.

"अहो उठा, लोकांना वाटतंय तुमचं काहीतरी हरवलंय."

"माझं नाही, ज्याने हे केलं त्याचं डोकं हरवलंय. वरचा चकाकीचा सीलर बघ किती जाड फासलाय. खाली ओल कोंडलीय, पांढरं पडलंय सगळं."

नवरीचे वडील समोर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. आम्हाला त्या दिवशी जेवायला कोणी आग्रह केला नाही.

आमचा धंदा काय ते सांगितलं तरी लोकांना पटकन उमगत नाही. मॉलचं आवार, हॉटेलची पुढची वाट, ऑफिसच्या पायऱ्या, अशा ठिकाणी सुंदर दगड अंथरलेला दिसतो ना, तो पुष्कळदा दगड नसतोच. काँक्रीट असतं. ते ओलं असताना लांब पट्टी ओढून सपाट करायचं, त्यावर रंगाची पूड उधळून रंध्याने घोटायची, साचा चिकटू नये म्हणून वरून आणखी एक पूड टाकायची, आणि मग दगडाची नक्षी असलेले रबरी साचे एकाला एक भिडवून धुम्मसाने ठोकायचे. साचा उचलला की खाली दगड तयार. बघणाऱ्याला वाटतं, हे तर पोरासोरांनीही केलं असतं. करून बघा म्हणावं.

सगळी गोम वेळेत आहे. साचे लवकर टाकले तर ते बुडतात आणि कडेने चिखल वर येतो. उशीर केला तर वर चढून नाचलात तरी ठसा उमटत नाही. मधली जी वेळ असते ती घड्याळ बघून कळत नाही. ऊन किती, वारा किती, गाडीतून आलेला माल किती पातळ, त्यावर ती रोज बदलते. आणि एकदा साचे पडले की माघार नाही. चुकलं तर सगळं फोडून टाकायचं आणि चार लोकांसमोर पुन्हा करायचं.

ती वेळ भावोजी सांगायचे. कडेला फळीवर गुडघे टेकायचे आणि उजव्या हाताचा अंगठा काँक्रीटमध्ये दाबायचे. तेवढा वेळ कोणी बोलायचं नाही. आमच्यात एक लांब्या आहे, ताडमाड उंच, झोपेतसुद्धा बडबडणारा; तोही तेव्हा मूग गिळून बसायचा. भावोजी अंगठा काढायचे, दुसरीकडे दाबायचे, सावलीतल्या कोपऱ्यात जाऊन एकदा बघायचे. मग अख्ख्या आवारात घुमेल अशा आवाजात ओरडायचे, "लावा!"

आधी ते एका फरशीच्या दुकानात ओझी उचलायचे. तिथला मालक म्हणायचा, याच्या हातात फक्त ताकद आहे, बाकी काही नाही. मग एका म्हाताऱ्या उस्तादाच्या टोळीत शिरले. एके दिवशी उस्ताद मिक्सरच्या ड्रायव्हरशी भांडायला गेला आणि भांडणात रंगला. इकडे काँक्रीट आवळत चाललं. कोणाची टाप होती 'लावा' म्हणायची? भावोजींनी अंगठा दाबला आणि बिचकत बिचकत म्हणून टाकलं. उस्ताद परत आला तो फाडून खायच्या तयारीने. ठशाकडे बघितलं, पुन्हा बघितलं, आणि "पाणी आण" एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून अंगठा भावोजींचा.

ताई त्यांना रंगाच्या दुकानात भेटली. ती तिथे कामाला होती. हे विटकरी रंगाचा नमुना घेऊन आले आणि तिने सांगितलं, हा वाळल्यावर काविळीसारखा दिसेल. दोघं भांडली. लग्नानंतरही भांडणं चालूच राहिली, फक्त जागा बदलली. आमची स्वतःची टोळी झाली तेव्हा रंग ताईचा, पट्टी आणि रंधा माझा, ठोकाठोक लांब्याची, आणि वेळ भावोजींची. यात कोणी कोणाच्या कामात नाक खुपसायचं नाही.

मग दोन कामं बिघडली.

पहिलं एका शोरूमच्या दारातलं. 'लावा' उशिरा आलं. ठसा उथळ उमटला. मालकाच्या लक्षात आलं नाही, पण भावोजी घरी जाताना एक शब्द बोलले नाहीत. दुसरं हॉटेलचं. तिथे आवाज फार लवकर आला. साचे रुतले, कडांना वरंबे उठले, आणि हॉटेलच्या मॅनेजरने आम्हाला पाहुण्यांसमोर फैलावर घेतलं. सगळं फोडावं लागलं. खापर कोणावर फुटावं? माझ्यावर! म्हणे मी पट्टी मारताना वर पाणी ठेवलं.

मी पाणी ठेवलं नव्हतं. आजही सांगतो, थेंबभर ठेवलं नव्हतं. मी तिथल्या तिथे म्हणालो, "वेळ तुम्ही सांगितलीत भावोजी, मी नाही."

"मला शिकवू नकोस. तू रंधा धरायला शिकलास तो माझ्या हाताखाली."

झालं, बोलणं बंद. पण कामाला जायचं एकाच टेम्पोतून. मी गाडी चालवणार, भावोजी खिडकीपाशी, मध्ये ताई. "तुझ्या भावाला सांग, पुढे खड्डा आहे." "तुझ्या नवऱ्याला सांग, मला डोळे आहेत." ताईने शेवटी हात टेकले आणि म्हणाली, मला मागे सिमेंटच्या गोण्यांवर बसू दे, त्यांना अक्कल जास्त आहे.

खरा प्रकार ताईच्या स्वयंपाकघरात उघडकीला आला. दूध उतू चाललं होतं. भावोजी जवळ होते, त्यांनी पातेलं उचलून बाजूला ठेवलं. फडकं नाही, सांडशी नाही, उघड्या हाताने. आणि सावकाश ठेवलं. ताई किंचाळली. त्यांनी आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग हाताकडे. बोटं भाजून लाल झाली होती आणि त्यांना पत्ता नव्हता.

तिने त्यांना तसंच डॉक्टरकडे नेलं. साखर वाढलेली. हातापायांच्या शिरा कधीपासून हळूहळू मरत होत्या. डॉक्टरने साफ सांगितलं: पथ्य सांभाळलंत तर आणखी बिघडणार नाही, पण गेलेलं परत येईल असं समजू नका. आणि या गृहस्थांना ते आधीच माहीत होतं! शर्टाची बटणं लावताना बघून लावावी लागायची. खिशात हात घातला तर किल्ली की नाणं ते कळायचं नाही. कोणाला सांगितलं? कोणाला नाही.

ताईने मला हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघं अंगणात साचे धूत होतो. "त्यांच्या हाताला कळत नाहीये रे," ती म्हणाली, आणि ब्रश तसाच धरून बसून राहिली. माझा राग पळाला. खरं सांगायचं तर अर्धा पळाला. उरलेल्या अर्ध्याच्या जागी मला भीती वाटायला लागली, आणि त्या माणसाचा एवढा कळवळा आला की काय करावं सुचेना.

मी त्यांच्याकडे गेलो. "भावोजी, आता वेळ दुसऱ्या कोणाला तरी बघू द्या. मी बघतो हवं तर."

"तू? तुला दुधावर साय आलेली कळत नाही."

"मग ताई बघेल. इतकी वर्षं तुमच्या शेजारी बादली घेऊन उभी आहे."

त्यांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आणि मी काय करू रे तिथे? रंग तिचा, पट्टी तुझी, धुम्मस त्या लांब्याचा. मी काय गाडीपाशी बसून चहा पिऊ?"



तशात एक मोठं काम आलं. नवं व्यापारी संकुल, मध्ये कारंजं, आणि कारंज्याभोवती सगळं आवार पाटीच्या दगडाच्या नक्षीचं. एवढं काम आम्ही कधी घेतलं नव्हतं. हॉटेलची बातमी गावभर झाली होतीच. हेही बिघडलं असतं तर आम्हाला पुन्हा कोणी दारात उभं केलं नसतं. भावोजींनी जाहीर केलं की वेळ तेच सांगणार. आणि ताईकडून कबूल करून घेतलं की टोळीसमोर ती या विषयावर चकार शब्द काढणार नाही. तिने कबूल केलं. का केलं, ते तिलाच ठाऊक. मी तिच्यावर चिडलो तर म्हणाली, "त्यांच्या हातून काढून घ्यायचं नाहीये मला."

त्या दिवशी सकाळी ऊन स्वच्छ होतं आणि वारा पडलेला. पहिला पट्टा ओतला, मी पट्टी मारली, ताईने राखाडी पूड उधळली, मी घोटली, तिने वर काळपट पूड टाकली. मग सगळे कडेला उभे राहिलो. भावोजी फळीवर बसले. अंगठा दाबला. सरकले, पुन्हा दाबला. सावलीकडे गेले, परत आले. संकुलाचा मॅनेजर दोनदा फोन कानाचा काढून बघून गेला.

मग भावोजींनी बाही वर केली आणि कोपर टेकवून पाहिलं. लांब्या फिस्सकन हसला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं हसू घशात अडकलं. कोपरानेही भागलं नसावं. कारण ते दोन्ही हातांवर वाकले आणि हळूच आपला गाल त्या ओल्या काँक्रीटला लावला. उठले तेव्हा कानापासून हनुवटीपर्यंत काळी पूड लागलेली होती. आता कोणी हसलं नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की पुरे, पुरे झालं, उठा तिथून.

ताई बादली धरून उभी होती. पूड टाकता टाकता तिने पलीकडच्या कोपऱ्यात अंगठा दाबून बघितला होता. तो खळगा मला दिसत होता. तिला कळत होतं, पण तिने शब्द दिला होता. उन्हाकडची कड रंग बदलायला लागली. मी तोंड उघडलं, तर तिने डोळ्यांनीच मला गप्प केलं.

भावोजी अजून गुडघ्यांवर होते. आमच्याकडे पाठ.

"अगं," ते म्हणाले.

ताई हलली नाही. तिला पूर्ण ऐकायचं असावं.

"जरा इकडे ये. बघ जरा."

तिने बादली खाली ठेवली, हातमोजा काढला. ते फळीवर बाजूला सरकले आणि तिला जागा करून दिली. सगळ्या टोळीदेखत ताईने अंगठा दाबला.

"अजून नाही," ती हळू म्हणाली. "थोडं थांबा."

"अजून नाही!" भावोजी आमच्याकडे वळून गरजले. "ऐकलंत ना? कोणी हलायचं नाही!"

मला एकदम हसू आलं आणि डोळेही भरून आले. एवढ्या अवघड वेळीही यांचा रुबाब काही कमी होत नव्हता.

ताईने पुन्हा बघितलं, उन्हाकडे आणि सावलीकडेही. परत येऊन त्यांच्याकडे मान हलवली. भावोजींनी सवयीने छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि मिटलं.

"तू म्हण."

"मी नाही ओरडणार एवढ्या माणसांत."

"ओरड. उशीर होतोय."

"लावा!" ताई ओरडली. आवाज चिरका आला, मध्येच फाटला, पण आला. पहिला साचा भावोजींनी स्वतः उचलला, कारंज्याच्या कडेला काटकोनात बसवला आणि वर उभे राहून पुढचा मागितला. मग दिवसभर तेच चाललं. पट्टा ओतायचा, ताईने बघायचं, ताईने ओरडायचं, भावोजींनी पहिला साचा टाकायचा. दुपारपर्यंत तिचा आवाज बसला होता, पण फाटत नव्हता. कुठे कड उठली नाही, कुठे ठसा उथळ पडला नाही. मॅनेजर कडेला उकिडवा बसून ठशांचे फोटो काढत होता.

परत निघालो तेव्हा टेम्पोत ताई नेहमीसारखी मध्ये होती. भावोजींच्या गालावर पूड तशीच. ताईने पदर ओला करून पुसायला घेतली, तर त्यांनी तिचा हात धरला आणि मांडीवर ठेवला.

"कसं लागलं गं?"

"काय?"

"आत. अंगठा गेला तेव्हा."

"मी काय सांगणार तुम्हाला? तुम्हीच सांगायचं आम्हाला."

"सांग ना."

ताईने जरा विचार केला. "वर थोडं अडतं. जोर दिला की आत जातं, पण सगळं नाही जात. कणीक मळून जरा जास्त वेळ ठेवली ना, तसं. खाली गार लागतं."

"वर कोमट असतं."

"हो, वर कोमट. खाली गार."

"आणि काढताना? धरून ठेवतं?"

"नाही. सोडतं."

"सोडतं," ते म्हणाले. डोळे मिटले होते. मला वाटलं त्यांना झोप लागली.

"परत एकदा सांग," ते म्हणाले. "मी विसरत चाललोय."

ताईने पहिल्यापासून सांगितलं.