इथे काहीही केलेले नाही

राग शांत झाल्यावर लिहावं म्हणतात. माझा काही शांत व्हायचं नाव घेत नाही, म्हणून तशीच लिहिते.

आमच्या विद्यापीठात गवताळ माळांचा अभ्यास करणारा एक गट आहे. गटाच्या वेबसाइटवर प्रत्येकाच्या फोटोखाली त्याचा अभ्यासाचा विषय दिलेला असतो. आमचे सर : उपग्रहातून दिसणारं गवत. म्हणजे जवळ जायला नको, बूट खराब होतात. मी : मुंग्या, त्यामुळे मला सगळे मुंगीच म्हणतात. आणि काडीबाईंच्या फोटोखाली एवढंच : ‘न कापलेलं गवत’. नवीन विद्यार्थी ते वाचून फिदीफिदी हसतात. हसू देत मेले.

काडीबाई हे आम्हीच पाडलेलं नाव. अंगकाठी बारीक, दातात कायम गवताची काडी, आणि जीभ अशी की बाई खोलीत आल्या की कुठे ना कुठे काडी पडलीच. मी गटात यायच्या कितीतरी आधीपासून त्या तिथे आहेत. नोकरी अजून कायम नाही. दर वर्षी मुदतवाढ, दर वर्षी सरांची सही.

विद्यापीठामागच्या माळावर आमचे दोरीने आखलेले तुकडे आहेत. एकातलं गवत आम्ही कापतो, एकातलं जाळतो, एकात मेंढ्या सोडतो. आणि एका तुकड्यात काहीही करत नाही. कापल्याने काय बदललं हे कळायला शेजारी न कापलेलं नको का? तो तुकडा काडीबाईंचा. नकाशावर बाकीच्यांवर ‘कापणी’, ‘जाळणी’, ‘चराई’ असं लिहिलेलं, याच्यावर ‘काही नाही’. आम्हाला त्या शब्दाची इतकी सवय की, ‘बाई कुठायत?’ विचारलं तर उत्तर यायचं, ‘“काही नाही”मध्ये गेल्यात.’

काही न करणं सोपं वाटतं तुम्हाला? करून बघा. लोक जवळची वाट म्हणून त्यातूनच जाणार, कुत्री फिरवायला तिथेच आणणार, माळी यंत्र घेऊन येणार आणि म्हणणार, ‘बाई, जरा नीटनेटकं करून देतो.’ काडीबाई सगळ्यांना पिटाळून लावायच्या. त्यांनी स्वतः रंगवलेली पाटीही होती : ‘इथे काहीही केलेले नाही. कृपया करू नये.’

घरी त्या आणि त्यांचे वडील नाना, दोघंच. नानांचं तसबिरी मढवायचं दुकान होतं. अख्ख्या वस्तीची पदव्यांची, सत्कारांची चित्रं त्यांच्या हातून मढवून गेली. घरच्या भिंतीवर थोरल्या मुलाचा गौरव, सुनेचं बक्षीस, नातवाचं पदक. आणि बरोबर मधोमध एक रिकामा खिळा. तो लेकीसाठी.

“मुंगे, तूच सांग,” नाना मला म्हणायचे, “लोक विचारतात, लेक काय करते. मी काय सांगू? काही होत नाही ना, यावर लक्ष ठेवते?”

“अगदी हेच सांगा, नाना!” काडीबाई आतून ओरडायच्या.

“अगं, पण त्याची तसबीर कशी मढवायची?”

मग यंदा कुलगुरूंना झाडं लावायची हुक्की आली. मोठे पाहुणे, छायाचित्रकार, भाषणं, सगळं ठरलं. फक्त जागा ठरायची होती. कार्यालयाने माळाचा नकाशा मागवला. तिथल्या साहेबांनी त्यावर बोट फिरवलं. कापणी, म्हणजे इथे काम चालू आहे. जाळणी, नको रे बाबा. चराई, मेंढ्या रोपं खातील. काही नाही... वा! ही जागा मोकळी दिसते.

साहेबांना मी दोष देत नाही. लिहिलेलं होतं तेच त्यांनी वाचलं. पण मंजुरीचा कागद सरांकडे आला ना! सरांना तर अर्थ ठाऊक होता. एका फोनचं काम होतं. काडीबाई तडक त्यांच्या खोलीत गेल्या, मागोमाग मी.

“सर, कापायचा तुकडा बिघडला तर पुन्हा कापता येईल,” बाई म्हणाल्या. “न केलेलं मी पुन्हा कसं करू? एक खड्डा पडला तरी संपलं.”

सर पडद्यावरचे हिरवे ठिपके बघत होते. “कुलगुरूंना नाही कसं म्हणायचं, बाई? आणि झाडांना विरोध केला तर लोक तोंडात शेण घालतील. शिवाय वरून पाहिलं तर काय, हिरवं ते हिरवंच.”

हिरवं ते हिरवंच! गवताच्या जिवावर प्राध्यापक झालेला हा माणूस! खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच. मी बोलायला तोंड उघडलं, तर बाईंनी मला कोपराला धरून बाहेर काढलं. त्यांची मुदतवाढ त्याच टेबलावर पडली होती, हे मला नंतर कळलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी यंत्राने खड्डे पाडले. गवतावर खुर्च्या मांडल्या. पाहुणे म्हणाले, “या उजाड, पडीक जागेवर आज आपण जीवन फुलवतो आहोत.” उजाड? गुडघाभर गवतात उभं राहून हा गृहस्थ उजाड म्हणतो! टाळ्या पडल्या. आमच्या सरांनीही वाजवल्या.

पाहुणे हात धुवायला गेले तशा काडीबाई उठल्या. पहिल्या खड्ड्यापाशी गुडघे टेकून बसल्या, रोपाच्या मुळाशी दोन्ही हात घातले आणि उपटायला जोर लावला.

“बाई, इकडे बघा जरा!” छायाचित्रकार ओरडला. बाईंनी दचकून वर पाहिलं. झाला फोटो. तेवढ्यात दोन रखवालदार अदबीने आले, “मॅडम, राहू द्या, माती आम्ही दाबतो,” म्हणत त्यांना उठवून घेऊन गेले आणि रोप पायाने घट्ट बसवलं. जन्मात एकदा बाईंनी तिथे काहीतरी करायचं ठरवलं, तर तेही कुणाला कळू नये!

दुसऱ्या दिवशी पेपरात तोच फोटो. खाली ओळ : ‘वृक्षारोपणात रमलेल्या ज्येष्ठ संशोधिका’. दुपारपर्यंत वेबसाइटवरून ‘न कापलेलं गवत’ गेलं आणि ‘वृक्षारोपण’ आलं. सर मला म्हणाले, “छान आलाय नाही फोटो? बाईंच्या मुदतवाढीला उपयोग होईल.” माझ्या मस्तकात तिडीक गेली.

पेपर मुठीत चुरगाळून मी काडीबाईंच्या घरी गेले. संपादकांना लिहायचं, कुलगुरूंना भेटायचं, सरांची शोभा करायची, सगळं वाटेत ठरवलं होतं. दार नानांनी उघडलं. अंगात दुकानातला जुना अंगरखा, बोटांना सरस लागलेला.

“ये मुंगे, ये! बघ!”

मधल्या खिळ्यावर तसबीर होती. हात थरथरतात त्यांचे हल्ली, पण चौकटीचे कोपरे कसे चोख जुळलेले. काचेमागे काडीबाई, मातीत हात घातलेल्या.

“शेवटी केलंस हो काहीतरी, बाळ,” नाना म्हणाले. डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला. “आता विचारू देत कुणीही. सरळ आत आणून दाखवतो.”

काडीबाई खुर्चीवर बसल्या होत्या. दातात काडी नव्हती.

“नाना, तो फोटो...” मी म्हणाले.

काडीबाईंनी माझा हात इतका गच्च दाबला की मी कळवळले.

“काय गं, काय झालं फोटोला?” नानांनी घाईघाईने चष्मा लावला आणि तसबिरीजवळ गेले. “तिरका लागलाय का?”

“काही नाही, नाना,” काडीबाई म्हणाल्या. “काही नाही.”