तेहतीस तासांच्या पुढे

रविवार, १३ एप्रिल. चामटोली, आमच्या सोसायटीचा प्लॉट. हजर : मी (सेक्रेटरी), जेसीबीवाले साळवे (अंबरनाथ), माझ्या नणंदेचे यजमान (भाऊजी), टिटव्यांची एक जोडी, अंडी चार.

कोणताही विषय काढा, आमचे भाऊजी तो तीन मिनिटांत अंड्यापाशी आणून सोडतात. उल्हासनगरच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली. कोंबडीची अंडी उबवायची, तेहतीस तासांनी फोडायची आणि नुकतंच हृदय धडधडू लागलेला तो जीव मुलांसाठी काचपट्टीवर बसवायचा, हे त्यांचं काम. दुकानात अजूनही प्रत्येक अंडं कानाला लावून मगच घेतात. तिथला सिंधी दुकानदार गंभीरपणे विचारतो, "साईं, आज क्या बोला?" बेलवलीला माझ्या पुतणीचं लग्न ठरत होतं. मुलाकडचे म्हणाले, मुलगा स्वभावाने शांत आहे. तर यांनी त्याच्या आईला विचारलं, पोटात असताना लाथा मारायचा का? स्वभाव अर्धा आतच शिजून येतो, असं त्यांचं ठाम मत. सोयरीक जमली, पण यांना मागच्या रांगेत हलवल्यावर.

त्या रविवारी प्लॉट सपाट करायचा होता. दुसऱ्या दिवशी चौदा एप्रिल. वस्तीतल्या जयंतीच्या मंडपाचं काम साळव्यांवर होतं, त्यांना एकला निघायचं होतं. पुढे महिनाभर मशीन मिळणार नव्हतं आणि कंपाउंडची भिंत त्यावर अडली होती. भाऊजींना मी फक्त पाण्याच्या बाटल्या उचलायला आणलं होतं. पावणेअकराला ते कोपऱ्यातल्या खडीवर, जेसीबीच्या बकेटपुढे पालथे पडले. नाकासमोर खड्यांसारखीच दिसणारी चार अंडी.

"आतून बोलतायत. आज फुटतील."

साळवे उतरले, वाकले, कान लावला. काहीच नाही. डोक्यावर टिटव्या किंचाळत झेपावत होत्या. "नासकी असतील काका. सरका," ते म्हणाले. मीही सरका म्हणाले. भाऊजी हलेनात. त्यांचं म्हणणं, आईबापांची धोक्याची हाक ऐकली की अंड्यातलं पिल्लू गप्प होतं. म्हणजे आपण जवळ असलो तर ते बोलणार नाही, आणि लांब गेलो तर आपल्याला ऐकू येणार नाही. साळव्यांनी घड्याळ पाहिलं. साडेअकरा.

असल्या वादांचा मला कंटाळा आहे. मी भाऊजींच्या फोनवर फोन लावला, तो उचलून अंड्यांजवळ ठेवायला सांगितला आणि दोघांना घेऊन फाटकापर्यंत मागे आले. माझा फोन स्पीकरवर. पाच मिनिटं नुसता वारा. टिटव्या खाली उतरल्या. दहा मिनिटं. साळव्यांनी खिशातली किल्ली काढली. भाऊजी माझ्या फोनकडे पाहत होते, डोळे न मिटता. तेवढ्यात अगदी बारीक चिवचिव आली. थांबली. पुन्हा आली.

साळवे चार पावलं पुढे गेले. टिटवी ओरडली, फोन मुका. मागे आले, जरा वेळाने चिवचिव सुरू. त्यांनी हे तीनदा करून पाहिलं.

"यांना शिकवलं कोणी? अजून बाहेर पण नाय आले."

"कोणी नाही. बोलत राहिली ती कुत्र्यामुंगसांना सापडली. गप्प बसली ती वाचली, त्यांचीच पिल्लावळ ही. कान आत तयार होतात, तसं गप्प बसणंही आतच तयार होतं." मग भाऊजी साळव्यांकडे वळले. "साळवे, मी एकतीस वर्षं फोडत आलो. तेहतीस तासांच्या पुढे एकालाही जाऊ दिलं नाही. बाहेर येताना कधी पाहिलंच नाही."

साळव्यांनी मशीन वळवलं, तो कोपरा सोडून बाकी प्लॉट सपाट केला आणि दीडला गेले.

चारच्या सुमारास कोपऱ्यातले तीन खडे उठून चालू लागले. भाऊजींनी माझा दंड धरला होता, तो बराच वेळ सोडला नाही.

चौथं अंडं तसंच राहिलं. ते आता फुटणार नाही हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? तरी ते दर रविवारी फाटकापर्यंत जाऊन येतात. महिना उलटल्यावर साळव्यांचा दोनदा फोन आला, "मॅडम, येऊ का?" सभासद विचारतात तेव्हा मी सांगते, मशीन मिळत नाही.

कोपरा सपाट करणे : बाकी.